हिरड्यांतील रक्त आणि गर्भवतीचा रक्तदाब



आपल्या व्यापारी घरांत रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत वही मिटली जात नाही. परंतु घरातील गर्भवती सुनेचा रक्तदाब मागील तपासणीत किती होता, असे विचारले असता बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. तिच्या हिरड्यांतून रक्त येते काय, हा प्रश्न तर कोणी विचारीतही नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असावा काय, याचा शोध वैद्यकशास्त्र गेली अनेक वर्षे घेत आहे. या महिन्यात त्याच विषयाचा विचार करू.

गर्भारपणात शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते, हिरड्यांकडील रक्तप्रवाह वाढतो आणि दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे त्या सहज सुजतात. दात घासताना रक्त येणे हे त्याचे पहिले लक्षण होय. स्वच्छता नीट राखल्यास ही सूज प्रसूतीनंतर बहुधा ओसरते. मात्र रोग आधीपासून खोलवर गेलेला असेल, तर हिरडी दातापासून सुटते, आतील हाड झिजते व दात हलू लागतात. गर्भातील बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते, म्हणून बाळंतपणात दात जायचेच, ही समजूत खरी नाही. दात जातात ते दुर्लक्षामुळे.

आता रक्तदाबाकडे वळू. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम दिसणे, या अवस्थेस प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. यात वारेला रक्त पुरविणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत आणि त्याचे दुष्परिणाम आईच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांवर होतात. वेळीच आवर घातला नाही, तर झटके येणे, मेंदूत रक्तस्राव होणे, वार अकाली सुटणे असे प्रसंग ओढवतात. बाळाची वाढ खुंटते किंवा त्यास मुदतीपूर्वी जन्म द्यावा लागतो. आपल्या देशात मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत अतिरक्तस्रावाबरोबर या विकाराचे नाव घेतले जाते. दुर्दैव असे, की आरंभी तो काहीच दुखवीत नाही. रक्तदाब मोजल्याशिवाय तो कळत नाही.

या दोहोंचा दुवा कोठे असावा? हिरड्यांच्या जुनाट रोगात जंतू आणि दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळतात व रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा पोहोचवू शकतात. हेच अस्तर प्री-एक्लॅम्पसियातही बिघडलेले असते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना येथील संशोधकांनी १९९६ मध्ये हिरड्यांचा रोग आणि अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळे यांचा संबंध मांडला. २००३ मध्ये प्री-एक्लॅम्पसियाशीही असाच संबंध दिसून आल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८२३ गर्भवतींवरील अभ्यासात हिरड्यांचे उपचार करूनही मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण घटले नाही. त्याच अभ्यासाने एक दिलासा मात्र दिला : गर्भारपणात केलेले हे उपचार आई व बाळ दोघांसाठी सुरक्षित ठरले.

यावरून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दात स्वच्छ केले म्हणजे रक्तदाबाची चिंता मिटली, असे कोणी समजू नये. आणि पोटात बाळ आहे म्हणून दंतवैद्याकडे जाणे टाळूही नये. ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. दोन्ही नियमित तपासावी लागतात.

दातांच्या उपचारांसाठी चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. तथापि ठणका किंवा पू असल्यास कोणत्याही महिन्यात उपचार घ्यावेत. दात साफ केल्याने ते सैल होतात, ही भीती निराधार आहे. आपण गर्भवती आहोत व कोणती औषधे चालू आहेत, हे दंतवैद्यास आधीच सांगावे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. उलटी झाल्यावर लगेच दात न घासता आधी साध्या पाण्याने चूळ भरावी.

आपल्या घरांतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच दात घासावेत, म्हणजे अन्नकण रात्रभर तोंडात राहत नाहीत. रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांना आपला नियम सांगून ठरवून घ्यावी. दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावयाचे औषध उपवासासाठी परस्पर चुकवणे धोक्याचे आहे. चातुर्मासात तपाचा उत्साह मोठा असतो; अशा वेळी 'तू यंदा उपवास करू नकोस' हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून आले, तर सुनेच्या मनावरचे ओझे उतरते.

गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा दूरच्या तालुक्यांतून ऐनवेळी गोंदिया किंवा नागपूर गाठणे सोपे नसते. म्हणून तेथील कुटुंबांनी धोका आधीच ओळखणे अधिक अगत्याचे. वाहनासाठी १०२ व १०८ हे क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावेत.

आपल्या राइस मिलमध्ये व घरी काम करणाऱ्या भगिनींचाही विचार व्हावा. आपल्या भागात खर्रा चघळण्याची, गुडाखूने दात घासण्याची सवय स्त्रियांतही आढळते, आणि तंबाखूने हिरड्या खंगतात. अशी भगिनी गर्भवती असेल, तर ९ तारखेस तिला पगारी रजा द्यावी. मालकाला हा खर्च फार नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. मुलगी माहेरी निघताना साडी-चोळीसोबत तिचे माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तदाबाच्या सर्व नोंदी आणि औषधांची चिठ्ठी दिली पाहिजे. नवा डॉक्टर जुने आकडे पाहूनच फरक ओळखतो. पहिलटकरीण, जुळी बाळे, पूर्वीचा रक्तदाब किंवा मधुमेह, आई-बहिणीस झालेला हा विकार, यांपैकी काही असल्यास पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगावे. गरज वाटल्यास ते वेळीच प्रतिबंधक औषध सुरू करतात.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली वेदना, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दुकान बंद होण्याची वाट पाहू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतरचे सहा आठवडेही हा धोका राहतो, हे विसरू नये.

या ९ तारखेस आपल्या घरच्या गर्भवतीसोबत कोण जाणार, हे आजच ठरवावे.