अंजिराचा जॅम आणि आग्रह

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात त्याचा जॅम करून पाहुण्यांना वाढताना ‘फळच आहे, मधुमेहाला चालते’ असा आग्रह होतो. चालत नाही. जॅममध्ये जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते. २० ग्रॅमच्या चमच्यात १२-१३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत हवी. ‘आज एक गोळी जास्त घेईन’ हा हिशेब तर मुळीच करू नये.

घरी साखर कमी घालणार असाल तर जपून. अंजीर कमी आंबट. लिंबाचा रस न घातल्यास हवाबंद बाटलीत बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. असा जॅम थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. मधुमेही पाहुण्याला एक ताजे अंजीर कापून द्या, सोबत अक्रोड.