एका ठोकळ्यातली पेटी

आपल्या पुष्कळ घरांत कपाटावर किंवा कोनाड्यात एक रेहाल असते. कुरआन शरीफ ठेवून पढायची ती घडीची लाकडी चौकी. रोज हाताळतो, पण कधी नीट उलगडून पाहिली तर लक्षात येते की चांगल्या जुन्या रेहालीला ना खिळा असतो ना बिजागरी. एकाच जाड फळीला दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणायचे आणि मध्ये लाकडातच एकमेकांत अडकलेले दाते कोरायचे. फळी उघडली की दोन पाने होतात, पण लाकूड एकच राहते.

हीच हिकमत वापरून मशीनवर एक लहान पेटी करता येते. इंग्रजीत तिला बँडसॉ बॉक्स म्हणतात. चार फळ्या जोडून पेटी करायची नाही. एक ठोकळा घ्यायचा, त्याच्या पोटातून खण कापून काढायचा आणि तोच खण त्याच पोटात परत सरकवायचा. यंदा सुट्टीत आम्ही ती करून पाहिली, एका फर्निचरच्या कारखान्यात, तिथल्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली. नववीतला आमचा एक विद्यार्थीही सोबत होता. त्याचे वडील सुतार आहेत. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी मशीनविषयी. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. गावोगावच्या आरामशीनवर ओंडके चिरतात तोही बँडसॉच, पण त्याचा पट्टा रुंद असतो, तो सरळच जातो. वळणे कापायला पाव इंची अरुंद पट्टा लागतो. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी 1809 मध्ये या करवतीचे पेटंट घेतले, पण पट्ट्याची टोके जिथे जोडली जात तिथेच तो तुटे. 1846 मध्ये फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या एका बाईंनी सांधा पक्का करण्याची रीत काढली आणि मशीन खऱ्या अर्थाने कामाचे झाले. हे आमच्या वर्गातल्या मुलींना सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, बाई सुतार होत्या?"

लाकूड आम्हाला गावातच मिळाले. 2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, त्यानंतर उतरवलेल्या एका जुन्या घराची सागवानी चौकट पडून होती. अशा जुन्या लाकडाचा फायदा म्हणजे ते पुरते वाळलेले असते, पेटी नंतर वाकत नाही. तोटा म्हणजे आतले खिळे. एक खिळा राहिला तरी पट्ट्याचे दात जातात, म्हणून मिस्त्रींनी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा काढून घेतला. मग सात इंच लांब, पाच इंच उंच आणि तीन इंच जाडीचा ठोकळा कापला.

कृती सांगतो, कारण ज्यांच्या घरात कुणी या कामात आहे त्यांना ती उपयोगी पडेल. ठोकळ्याच्या समोरच्या अंगावर पेन्सिलीने पेटीचा बाहेरचा आकार काढायचा, आत खणाचा. कोपरे गोल ठेवायचे, कारण पाव इंची पट्ट्याला पाऊण इंचापेक्षा आवळ वळण जड जाते. बाहेरचा आकार कापून घेतला की मागच्या बाजूने पाव इंचाची एक चकती कापून बाजूला ठेवायची, ती पेटीची पाठ. आता खालच्या कडेतून करवत आत घालायची, खणाच्या रेषेवरून पूर्ण फिरवायची आणि आली त्याच वाटेने बाहेर. मात्र पट्टा फिरत असताना लाकूड मागे ओढायचे नाही, पट्टा चाकावरून निसटतो. मशीन बंद करायचे, पट्टा थांबू द्यायचा, मग लाकूड काढायचे.

हातात आलेला गाभा म्हणजे खण. त्याच्या पुढून आणि मागून पाव-पाव इंचाची चकती कापायची, मधला भाग यू आकारात पोखरायचा आणि दोन्ही चकत्या पुन्हा चिकटवायच्या. इकडे पेटीच्या खालची चीर फेविकॉल भरून शिकंज्यात आवळायची, वाळल्यावर पाठ चिकटवायची. सागात तेल असते, म्हणून चिकटवायच्या जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसाव्यात. खण कसा सरकेल ही काळजी नको. पट्ट्याने खाल्लेले लाकूड भुसा होऊन गेलेले असते, तेवढी सैल जागा आपोआप राहते. शेवटी घासपेपर आणि उकळलेले जवसाचे तेल. या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून वाळवावेत.

खण आत सरकवला की लाकडाची नस पेटीच्या अंगावरून खणावर आणि खणावरून पुन्हा पेटीवर जाते, जणू कधी कापलेच नव्हते. विकत घेतलेल्या पेटीत हे पाहायला मिळत नाही.

मिस्त्री काम करताना फार बोलत नाहीत. एकच वाक्य त्यांनी चार वेळा सांगितले: "सर, उंगली रेषेके सामने नक्को, बाजू से ढकलो." त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. विद्यार्थ्याला मशीनला हात लावू द्यायचा नाही हे त्यांच्याशी आधीच ठरले होते, त्याने आखले, मोजले, घासले. ही नुसती सावधगिरी नव्हे. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामात घालता येत नाही. सुट्टीत पोराला आरामशीनवर "बसवणाऱ्या" पालकांनी हे ध्यानात घ्यावे. लाकडाच्या भुशाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत धरला आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवा. मिस्त्रींकडे तो नव्हता, आम्ही नेऊन दिला. लावतील की नाही, अल्लाह जाणे.

आता त्या मुलाविषयी. क्षेत्रफळाचे गणित फळ्यावर दिले की तो खिडकीबाहेर पाहतो. इथे मात्र गुण्या लावून काटकोन न सांगता तपासला, आणि पाठ व खणाची जाडी वजा करून आतली खोली किती उरेल ते तोंडी सांगितले. आम्ही हे त्याच्या वडिलांना कौतुकाने सांगायला गेलो. ते म्हणाले, "सर, इसकू कुर्सी बनाने का नक्को, कुर्सी पे बैठने का सिखाओ."

यावर पटकन द्यायला उत्तर नव्हते. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत असे हदीसमध्ये आहे, हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामियाचे डॉ. झाकिर हुसेन होते, आणि त्या समितीने कताई-विणकाम व शेतीबरोबर सुतारकामही शिक्षणाचा पाया मानले, हस्तकलेतूनच गणित आणि विज्ञान शिकवावे म्हटले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावे असे आहे. कागद चांगले आहेत. पण त्या सुताराने तीस वर्षे लोकांच्या घरांची दारे केली आणि मुलीच्या लग्नाला कर्ज काढले. तो कशावर बोलतो आहे ते आम्हाला कळत होते.

म्हणून पोराचे सोडून आम्ही त्यांच्याच कामाचे बोललो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतार आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकाच व्यक्तीला, वय 18 च्या वर. नोंदणी आधारकार्डावर आपल्या सेवा केंद्रात होते, ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. त्यांनी नाव ऐकले होते, अर्ज केलेला नव्हता. आपल्या वस्तीतल्या किती कारागिरांनी केला आहे, हे वाचकांनी आपापल्या गल्लीत विचारून पाहावे.

पेटी त्यांनी हातात घेतली, उलटी केली आणि अंगठ्याच्या नखाने खालची चिकटवलेली चीर बरोबर शोधून काढली. "यहाँ से घुसी करवत," मुलाला दाखवत म्हणाले. मग खण बाहेर काढून कड डोळ्यासमोर धरली आणि आणखी जरा घास म्हणाले.

मुलाने दुसऱ्या पेटीसाठी कडुलिंबाचा ओला ठोकळा सावलीत ठेवला आहे, दोन्ही टोकांना फेविकॉल फासून, म्हणजे तडा जाऊ नये. वाळायला इंचाला एक वर्ष असा सुतारांचा हिशेब. ठोकळा तीन इंचांचा आहे. तोवर तो बारावीला असावा, यासाठी आमचे त्याच्या घरी जाणे चालू आहे.