रसिकानें जेवावें कोठें?

खाण्यापिण्याचा शौक असलेल्या सुशिक्षित प्रवाशांत अलीकडे एक चाल पडली आहे. मुंबईस दोन-चार दिवस यावयाचें ठरलें कीं ते प्रथम एक यादी करितात. या यादींत कुलाबा असतो, फोर्ट असतो, वांद्रें असतें. आणि प्रत्येक उपाहारगृहाच्या नांवापुढें दोन गोष्टींची नोंद असते: त्याला तारे किती मिळाले, आणि तेथें द्राक्षासवाचे प्रकार किती मिळतात. या दोन कसोट्यांस जें उतरेल तें भोजन, बाकीचें नुसतें पोट भरणें, असा या मंडळींचा सिद्धांत आहे. हा सिद्धांत रसिकतेच्याच मुळावर येणारा आहे असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम तारे घेऊं. मोटारीचे टायर विकणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच कंपनीनें १९०० सालीं प्रवाशांसाठीं एक मार्गदर्शिका काढली. लोकांनीं मोटारींतून पुष्कळ हिंडावें, म्हणजे टायर झिजावे, हा तींतला सरळ व्यापारी हेतु. १९२६ सालीं तिनें उपाहारगृहांस तारा देण्यास आरंभ केला, आणि पुढें तीन ताऱ्यांची प्रतवारी ठरविली. तथापि या व्यापाऱ्यांच्या ताऱ्यांसहि कांहीं अर्थ होता. दोन तारे म्हणजे वाट वांकडी करून जाण्याजोगें. तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करण्याजोगें. आमच्या रसिकांनीं तारे तेवढे उचलले. वाट वांकडी करणें मात्र सोडून दिलें!

ती वांकडी वाट फार लांबची नाहीं. कल्याणाहून कर्जतकडे जातांना विठ्ठलवाडी मागें पडलें कीं उल्हासनगर स्टेशन येतें. तेथें उतरून कॅम्प नंबर तीनमध्यें जेवावयास जावें हें यादीवाल्यांच्या स्वप्नांतहि येत नाहीं. 'कॅम्प' हा शब्द उच्चारतांनाच आपला मराठी माणूस नाक मुरडतो, नकली मालाच्या दोन-चार थट्टा सांगतो, आणि विषय संपवितो. पण हा कॅम्प झाला कसा? दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासित तिच्या ओसाड बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्यास नांव मिळालें. घर गेलें, शेत गेलें, सिंधु नदी गेली. बरोबर आली ती भाषा आणि चूल. भाषेला १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत जागा मिळाली, प्रांत मिळाला नाहीं. चुलीला तर परिशिष्टहि मिळालें नाहीं. ती केवळ खाणाऱ्यांच्या आधारावर टिकावयाची आहे.

आणि ती चूल सामान्य नव्हे. आपली कढी ताकाची. सिंध्यांची कढी बेसन तेलांत खरपूस भाजून, चिंचेनें आंबट करून, शेवग्याच्या शेंगा, भेंडी वगैरे घालून होते व भाताबरोबर खातात. पालक, हरभऱ्याची डाळ आणि आंबट पाला एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी, कांदा-मिरची घालून अर्धवट भाजून पुन्हां लाटलेली जाड कोकी, कमळाचे देंठ, सकाळच्या प्रहरीं मैद्याच्या कुरकुरीत पकवानावर डाळ, चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा. थदडीच्या सणाला आदल्या दिवशींचें थंड अन्न खाण्याची त्यांची रीत आपल्या शीतळासप्तमीची सख्खी बहीण होय. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण याहून अधिक चपखल कोठें लागू पडेल?

आतां द्राक्षासवाची कसोटी. द्राक्षासवाशीं आमचें वैर नाहीं. नाशिककडील मळ्यांत आज तें चांगलें होतें, आणि जाणत्यानें तें अवश्य चाखावें. पण ज्या १९४९ सालीं उल्हासनगरची कोनशिला बसली, त्याच सालीं मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा झाला. पिणाऱ्यास परवाना लागूं लागला, आणि पिण्याची जागा 'परमिट रूम' नांवाच्या अंधाऱ्या खोलींत गेली. तेथें अन्न हें पेयाचें चाकर, म्हणजे चखणा, होऊन बसलें. उलट खाणावळी, उडप्यांचीं हॉटेलें, फरसाण-मिठाईचीं दुकानें यांनीं बहुधा पेयाविरहितच आपलें कौशल्य वाढविलें. चांगलें अन्न आणि चांगलें आसव एका मेजावर पाहिजे असा हट्ट धरणारा या इतिहासामुळें थोड्याशा महागड्या हॉटेलांतच कोंडला जातो, आणि शहराची खरी पाकशाळा त्याच्या यादीबाहेर राहते. यावर उपाय सोपा आहे. दोहोंच्या वेळा निराळ्या कराव्या. सकाळीं डाळ-पकवान खावें. आसव सायंकाळीं, त्याच्या योग्य जागीं घ्यावें.

कोणी म्हणेल, स्वच्छतेचें काय? स्वच्छता अवश्य पाहावी. पण टेबलावरची पांढरी चादर म्हणजे स्वच्छता नव्हे. उकळतें तेल, ताजी डाळ आणि झांकलेलें पाणी पाहून निर्णय करावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साई भाजी आणि कोकी हीं घरचीं पक्वान्नें. तीं दुकानांत क्वचितच मिळतात, तेथें पनीर आणि शेवया यांचेंच राज्य. हें खरें आहे, आणि येथेंच आमच्या म्हणण्याची कळ आहे. गिऱ्हाईक मागतें तें आचारी रांधतो. पाहुणे येऊन सर्वत्र मिळणारे तेच पदार्थ मागूं लागले तर पुढल्या पिढीच्या आचाऱ्यास कोकी लाटतां येणार नाहीं, आणि घरची रांधणारी आजी गेल्यावर विचारावयास कोणी उरणार नाहीं.

म्हणून रसिकानें यादी करतांना तीनच प्रश्न विचारावे. हा पदार्थ या गांवचे लोक कोणत्या वेळीं खातात, आणि मी त्या वेळीं जातों काय? हें दुकान शंभर पदार्थ करतें, कीं चार पदार्थ रोज करतें? गांवचा वृद्ध गृहस्थ आपला पाहुणा येथें आणील काय? या प्रश्नांस होकार मिळेल तेथें बसावें, मग वर तारा असो वा पत्रा असो. आणि बसल्यावर कार्डावर नसलेली कोकी एकदां मोठ्यानें मागावी. दहा जणांनीं मागितली तर अकराव्यास ती मिळेल.