टिप्या तीन आठवड्यांत शिकला. आपण कधी शिकणार?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवार, सकाळचे सहा. मैदानावर पोलीस भरतीची पोरंपोरी नेहमीसारखी सराव करत होती. पोरांचे १६०० मीटर, पोरींचे ८००. आदल्या रात्री पाऊस झालेला, माती ओली. तीन-चार पोरी अनवाणीच पळतात. कुणाचे बूट चिखलात जड होतात, तर कुणाकडे एकच जोड आहे आणि तो भरतीच्या दिवसासाठी जपून ठेवलाय. त्यातल्या एकीचा पाय पडला. कशावर, ते सांगायला नको. ती थांबली. टाचेवर चालत नळापर्यंत गेली. नळाला पाणी नव्हतं. मग बाटलीतलं प्यायचं पाणी पायावर ओतलं, गवताला तळवा घासला आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द नाही.

मी दहा फुटांवर उभा होतो. हातात पट्टा, पट्ट्याला टिप्या.

आम्ही नुकतेच आत आलो होतो, म्हणजे ताजी घाण त्याची नसणार. पण रविवारी त्याच कडेला टिप्या बसला होता आणि मी इकडेतिकडे बघून, कुणी बघत नाही याची खात्री करून, गुपचूप पुढे सटकलो होतो. त्यामुळे ती घाण आमची नव्हती असं छातीठोक सांगायला माझी जीभ रेटत नाही.

वीस वर्षं या गावात बातमीदारी करतोय. तुंबलेली गटारं, न आलेली घंटागाडी, बाजारतळावरचा कचरा, सगळ्यावर लिहिलं. नगरपालिकेला धारेवर धरलं. आणि स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत मी तेच केलं जे सगळे करतात. म्हणून आजची पोस्ट दुसऱ्या कुणावर नाही, आधी माझ्यावर आहे. मग तुमच्यावर.

टिप्या गावठी आहे. मुलीनं किराणा दुकानामागून दोन महिन्यांचा असताना उचलून आणला. घरात शू केली की आम्ही ओरडायचो, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला "फिरवायला" न्यायचो. आता आपल्याकडे फिरवायला नेणं याचा खरा अर्थ काय, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं. बंगल्यात हिरवंगार लॉन आहे, तिथं कुत्र्यानं बसलेलं मालकाला चालत नाही. मग ड्रायव्हर नाहीतर कामावरचा पोरगा त्याला मैदानावर आणतो. पोराचं लक्ष मोबाइलमध्ये, कुत्र्याचं काम सुरू. लॉन स्वच्छ राहतं. ज्यांच्याकडे लॉन नाही, बूटही एकच जोड आहे, त्यांच्या पायाखाली ती घाण येते.

त्या सोमवारी मी टिप्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझीच बिनपाण्यानं केली. "लसीचा शेवटचा डोस बाकी आहे आणि तुम्ही याला मैदानावर नेता? दुसऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून पार्वो आला म्हणजे?" पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि लस पूर्ण न झालेली पिल्लं दोन-तीन दिवसांत हातची जातात. म्हणजे आपण मैदानावर घाण सोडून येतो तेव्हा नुसतं माणसांचंच नाही, दुसऱ्याच्या घरातल्या पिल्लाचंही नुकसान करतो.

मग त्यांनी शिकवायचं कसं ते सांगितलं. तसंच्या तसं देतो, कारण गावात बऱ्याच घरांत सध्या पिल्लं आहेत.

पिल्लाला मनानं धरून ठेवता येत नाही, त्याचा स्नायूच तयार झालेला नसतो. साधा हिशोब असा की जितके महिने वय, साधारण तितके तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणून वेळा आपण पाळायच्या. झोपेतून उठलं की, खाणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी. लहान असेपर्यंत रात्री एकदा उठावंही लागतं. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरायला लागलं की समजायचं, वेळ झाली.

जागा एकच. आमच्याकडे परसात कडुनिंबाच्या मागचा कोपरा. पट्टा लावून तिथंच न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. खेळायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. बसलं की एकच ठरलेला शब्द, रोज तोच. आम्ही "चल, शी-शू" म्हणतो. काम झालं की त्याच क्षणाला शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन डब्यातून बिस्किट काढेपर्यंत उशीर झालेला असतो. पिल्लाला वाटतं, घरात आलो म्हणून मिळालं. मी खिशात चपातीचे बारीक तुकडे ठेवायला लागलो. पाच मिनिटांत काही झालं नाही तर घरात आणायचं, नजरेसमोर ठेवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत तिथंच न्यायचं.

घरात केलीच तर ओरडायचं नाही. तोंड धरून त्यात नाक घासायची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती निव्वळ छळ आहे. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर बसत नाही. जागा पुसून काढायची, वास पूर्ण घालवायचा. वास राहिला तर ते परत तिथंच येतं. आणि ओल्या फिनेलवरून पिल्लाला चालू द्यायचं नाही, पाय चाटतात ती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी काम, मग फिरणं. आपण उलटं करतो. रस्त्यावर नेतो, आणि कुत्र्यानं उरकलं की लगेच घरी वळतो. कुत्रा हुशार असतो. उरकलं की फिरणं संपतं हे त्याला कळतं, मग तो धरून ठेवतो आणि लांब लांब, बरोबर शेवटी मैदानापर्यंत नेतो. टिप्यानं मला असाच फिरवला होता.

पहिला आठवडा हाल झाले. दोनदा मी पहाटे साडेतीनला लुंगीवर कडुनिंबाखाली उभा होतो आणि शेजारच्या काकांनी चोर समजून बॅटरी मारली. दुसऱ्या आठवड्यात चुका निम्म्यावर आल्या. तिसऱ्या आठवड्यात टिप्या स्वतः मागच्या दाराशी जाऊन बसायला लागला. सगळ्यांचंच तीन आठवड्यांत होईल असं नाही, कुठल्या पिल्लाला चार महिनेही लागतात. पण शिकत नाही असं पिल्लू क्वचितच. कुत्र्याला ज्या जागेची, ज्या मातीची, ज्या वासाची सवय लागते, तो तीच शोधतो. ती सवय लावणारे आपण. तेव्हा "मुकं जनावर आहे, त्याला काय कळतं" हे वाक्य आपण बंद करू या. त्याला कळतं. कळवायचं आपण टाळतो.

आता उचलायचं कसं? परदेशातल्यासारख्या पिशव्या आपल्याकडे सगळीकडे मिळत नाहीत, मिळाल्या तरी महाग. मी जुन्या पेपरचं अर्धं पान खिशात ठेवतो. इतकी वर्षं लिहिलेल्या बातम्यांचा एवढा रोकडा उपयोग पहिल्यांदाच झाला. घरी आणून विष्ठा संडासात टाकायची, पाणी ओतायचं. कागद संडासात नाही. परस असेल तर आड आणि भाजीचा वाफा सोडून लांब खड्डा करून पुरायची.

याच्यावर तीन उत्तरं हमखास येतात. कमेंटमध्ये यायच्या आधीच घेतो.

एक, "त्याचं खत होतं." शेणाचं होतं. गाय गवत-कडबा खाते. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात. गोल जंत तर पिल्लू जन्मतानाच आईकडून घेऊन येतं. ही अंडी मातीत पडल्यावर दोन-चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकू शकतात. मातीत खेळून तोंडात बोटं घालणाऱ्या पोरांच्या पोटात ती जातात. दुसरा आकडेकृमी. त्याच्या अळ्या ओल्या, उबदार मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, पायावर लाल वळवळती रेघ उमटते, खाज थांबत नाही. म्हणून त्या पोरीच्या पायाची गोष्ट नुसती किळसेची नाही. आणि म्हणूनच लगेच उचलण्याला अर्थ आहे, कारण ताज्या विष्ठेतली ही अंडी अजून तयार झालेली नसतात. कुत्र्याला जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळी द्या, हे वेगळं सांगायला नको.

दोन, "भटकी कुत्री करतात ते दिसत नाही का?" दिसतं. तो प्रश्न मोठा आहे, नसबंदी आणि लसीकरणाचं काम नगरपालिकेनं केलंच पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायला वॉर्डावॉर्डात ठरावीक जागा करा म्हणून सांगितलं, तेही व्हायला हवं. पण भटक्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला शिकलेला माणूस नसतो.

तीन, "आम्ही घरपट्टी भरतो, साफ करायला माणसं आहेत." याचं उत्तर मी देत नाही. मैदानाबाहेरचा रस्ता झाडणाऱ्या मावशींना मी विचारलं, मावशी, रोज किती उचलावं लागतं? त्या म्हणाल्या, "मोजत न्हाई बघा. खराट्याला लागतं, मग खराटा धुवायचा, परत झाडायचं. हातमोजे चार महिन्यांमागं दिलते, ते फाटले." जरा थांबून म्हणाल्या, "तुमचं कुत्रं बी दोनदा बघितलंय मी." मी मान खाली घातली.

आता नगरपालिकेकडे वळतो, कारण सगळं लोकांवर ढकलणंही बरोबर नाही. मला परस आहे. स्टेशन रोडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं पिल्लू कुठं न्यायचं? खाली पेव्हर ब्लॉक, बाहेर रस्ता. एकच जागा दाखवा, रोज तीच दाखवा, असं शिकवायचं तर आधी जागा हवी ना! न्यूयॉर्कसारख्या शहरात १९७८ पासून मालकानंच उचलायचा कायदा आहे. मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधीत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला होता. दंड सगळ्यांना सुचतो. जागा द्यायचं लवकर कुणाला सुचत नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक मोकळ्या भूखंडावर, पळण्याच्या मार्गापासून लांब, एक कोपरा आखून द्या. मुरूम-माती टाका, झाकणाचा डबा ठेवा, मराठीत पाटी लावा. डबा रोज रिकामा होईल आणि तो करणाऱ्याला हातमोजे मिळतील एवढं बघा. मैदानाच्या नळाला पाणी सोडा. पहिले तीन महिने नुसतं सांगा, समजवा. नंतर दंड करा, आणि तो ड्रायव्हरला नाही, मालकाला करा. अर्ज मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात दिलाय, पोच घेतलीय. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.

टिप्याची लस पूर्ण झाली. काल सकाळी त्यानं परसातलं काम उरकलं, चपातीचा तुकडा खाल्ला आणि मग आम्ही मैदानावर गेलो, कडेकडेनं. ती पोरगी पळून आली होती, दम खात बसलेली. मी पेपरचं पान खिशातून काढून दाखवलं. तिनं टिप्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकट्यानं उचलून काय होणार?"

बरोबर बोलली. म्हणून ही पोस्ट.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी मैदानाच्या फाटकापाशी जुन्या पेपरचा गठ्ठा घेऊन उभा असणार आहे. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी या. कुत्रं घरी राहिलं तरी चालेल, मालक आला पाहिजे. एक फेरी मारू, दिसेल ते उचलू. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथंच द्या, ऐकून घेईन.