शेजारी मोन्टेझुमा असेल तर...

सोसायटीत शेजारी कोण यावा, हे आपल्या हातात नसतं. 'सिव्हिलायझेशन'मध्येही सेम टु सेम! इ.स.पू. ४००० मध्ये तुम्ही नदीकाठची झकास जागा बघून पहिलं शहर वसवता. एखादं शेत, बाजूला सोन्याची खाण... लाइफ सेट! तेवढ्यात अंधारातून एक वॉरियर डोकावतो आणि पाठोपाठ स्क्रीनवर ॲझ्टेक राजे मोन्टेझुमा 'हॅलो' म्हणायला हजर. खलास!

'सिव्हिलायझेशन ४' आला २००५ मध्ये. २०२५ मध्ये या मालिकेचा सातवा भागही येऊन गेला. पण 'फक्त एक टर्न' म्हणत रविवारी रात्रीचे तीन वाजवणारे आणि सोमवारी मीटिंगमध्ये जांभया देणारे चौथ्याचे भक्त अजूनही भेटतात. त्यांची एक कॉमन तक्रार असते. 'यार, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तरी हा कॉम्प्युटर माझ्याच अंगावर का येतो? मेंटल आहे का?'

नाही बॉस, मेंटल नाही. हिशेबी आहे!

आणि तो काही फार ग्रेट डोकेबाजही नाही. या गेमचा डिझायनर सोरेन जॉन्सन याने २००८ मध्ये गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत एक भाषण दिलं होतं. नाव काय, तर 'प्लेइंग टु लूज'! कॉम्प्युटरने जिंकण्यापेक्षा समोरच्याला खेळायला मजा येणं महत्त्वाचं, हा त्यातला मुद्दा. वरच्या लेव्हलना कॉम्प्युटर भारी वाटतो तो अकलेमुळे नाही, सवलतींमुळे. सगळ्यात वरच्या 'डीइटी' लेव्हलवर तर तो सुरुवातच एक जादा सेटलर घेऊन करतो. म्हणजे शेजारी दांडगा असला तरी त्याचं डोकं वाचता येतं. कसं? हे घ्या पाच फंडे.

फंडा १ : चेहरा नको, आकडे वाचा

राजाच्या नावावर कर्सर न्या. तुमच्याबद्दल त्याला काय वाटतं, ते प्लस-मायनसमध्ये चक्क लिहिलेलं असतं. सीमा चिकटून आहेत, मायनस. धर्म वेगळा, मायनस. त्याच्या दुश्मनाशी व्यापार केलात, अजून मायनस. या बेरजेतून पाच पायऱ्या ठरतात : फ्युरियस, ॲनॉइड, कॉशस, प्लीज्ड आणि फ्रेंडली. घोळ होतो तो चौथ्या पायरीवर. 'प्लीज्ड' दिसलं की आपण निवांत होतो. पण मोन्टेझुमासारखे काही महाभाग प्लीज्ड असतानाही हल्ल्याचा बेत आखतात. गोड बोलून खिसा कापणारे!

चेहऱ्यावर जाऊ नका, याचा बेस्ट पुरावा म्हणजे गांधीजी. १९९१ च्या पहिल्या भागात एका बगमुळे गांधी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, ही स्टोरी तुम्ही ऐकली असेलच. ती खोटी! खुद्द सिड मायरने २०२० च्या आत्मचरित्रात असा बग नव्हताच, असं सांगून टाकलं. पण २०१० च्या पाचव्या भागात मात्र गंमत म्हणून मुद्दाम तसं केलं गेलं. दहाच्या स्केलवर गांधींची अणुबॉम्बची आवड ठेवली बारा! बाहेर पंचा, आत बारा. तेव्हा आकडा बघा, चेहरा नको.

फंडा २ : सगळ्यात सोपं सावज बनू नका

आपल्यापैकी बहुतेकांना सैन्य म्हणजे फुकटचा खर्च वाटतो. त्यापेक्षा पिरॅमिड बांधू, स्टोनहेंज बांधू! मग व्हायचं तेच होतं. तुम्ही पन्नास टर्न घाम गाळून शहर सजवता आणि शेजारी येऊन बसतो. आयत्या बिळावर नागोबा!

शेजारी हल्ला ठरवताना तुमचं लष्करी बळ मोजतो. ते तुम्हालाही बघता येतं. एफ-९ दाबा, 'डेमोग्राफिक्स'मध्ये जा आणि 'सोल्जर्स'च्या ओळीत आपला नंबर बघा. शेवटून पहिले असाल, तर समजा की तुम्ही दारावर 'आत या' अशी पाटीच लावली आहे. पण घाबरून नुसती फौजच काढत सुटलात, तरी वाट लागते. सैनिक पोसायला पैसा जातो, संशोधन रखडतं आणि शंभर टर्ननंतर शेजारी बंदुका घेऊन येतो तेव्हा तुमच्याकडे धनुष्यबाण असतात. पहिला नंबर नकोच. तळाला नसलात, म्हणजे झालं.

फंडा ३ : तांबं कुठाय?

ॲझ्टेकांचा स्पेशल सैनिक म्हणजे जॅग्वार. बाकीच्यांना तलवारबाज काढायला लोखंड लागतं, जॅग्वारला काहीच लागत नाही. म्हणजे 'त्याच्याकडे खाणच नाही, येतोय कसला' हा तुमचा अंदाज साफ बोंबलतो. यावर उतारा ॲक्समनचा. ताकद ५, आणि हातघाईच्या सैनिकांविरुद्ध वर ५० टक्के बोनस. पण त्याला तांबं किंवा लोखंड हवं. म्हणून ब्रॉन्झ वर्किंग लवकर शिका आणि दुसरं शहर तांब्याजवळ वसवा. समुद्राचा व्ह्यू नंतर बघू.

तांबं मिळालंच नाही तर? आर्चर. ताकद फक्त ३, पण शहर राखताना ५० टक्के जादा. शहर टेकडीवर असेल तर आणखी फायदा, आणि एका जागी तळ ठोकून बसला की दर टर्नला ५ टक्के करत २५ टक्क्यांपर्यंत वाढ. म्हणून सीमेवरचं शहर शक्यतो टेकडीवरच. शिवाय शहराला लागून असलेलं जंगल तोडा. जॅग्वार जंगलात जास्त चिवट होतो आणि तोडलेल्या लाकडातून तुमचं बांधकामही पुढे सरकतं. एका दगडात दोन पक्षी!

फंडा ४ : खंडणी मागितली? देऊन टाका!

मध्येच साहेब येऊन दरडावतात, 'ते अमुक तंत्रज्ञान दे.' आपला मराठी बाणा उसळतो आणि आपण 'चल फूट' म्हणतो. जरा थांबा. 'बियॉण्ड द सोर्ड' या २००७ च्या एक्स्पान्शनमध्ये मागणी मान्य केली, की १० टर्न त्याला तुमच्यावर युद्ध पुकारता येत नाही. तांब्याची खाण जोडायला आणि चार ॲक्समन उभे करायला एवढा वेळ बास. इगो बाजूला ठेवून वेळ विकत घ्या. धर्माचंही तसंच. आपण स्थापन केला म्हणून लगेच तो राज्याचा धर्म करायलाच हवा, असं नाही. आधी बघा, शेजारी कुठला पाळतोय. स्पेनची इझाबेला शेजारी असेल तर डबल बघा!

फंडा ५ : घरचं झालं थोडं...

हा फंडा सगळ्यात भारी. अधूनमधून शेजाऱ्याशी कराराचा पडदा उघडा आणि 'अमक्यावर युद्ध पुकार' हा पर्याय बघा. तो लाल दिसला तर त्यावर कर्सर न्या. 'सध्या आमच्याच हातात बरंच काही आहे' अशा अर्थाचं वाक्य दिसलं आणि तो कुणाशीच लढत नसेल, तर सावधान! घरचं झालं थोडं म्हणतोय, म्हणजे युद्धाची तयारी आधीच सुरू झाली आहे. टार्गेट तुम्ही असाल किंवा दुसरा कुणी. सीमेवरच्या त्याच्या शहरात फौज गोळा होताना दिसली, तर उत्तर मिळालंच.

तयारी सुरू नसेल, तर चान्स तुमचा. एखादं तंत्रज्ञान देऊन त्याला तिसऱ्याच्या अंगावर सोडा. पाहुण्याच्या काठीनं साप मारायचा! ते दोघं एकमेकांना बडवत बसतील आणि तुम्ही शांतपणे लायब्ररी बांधाल.

एवढं करूनही युद्ध झालंच तर? शहराबाहेर त्याचा ढीगभर सैनिकांचा जथा येऊन उभा राहतो, तेव्हा छाती दडपते. पण एकाच चौकोनात सगळे उभे असणं हाच त्याचा वीक पॉइंट. आधी कॅटापल्ट घाला. एकाच दणक्यात आजूबाजूचे बरेचसे जखमी होतात. मग ॲक्समन सोडा. सुरुवातीला तो तहाचं बोलायलाही तयार नसतो. फौज गारद झाली की बोलायला लागतो.

मोन्टेझुमाला तुमच्याशी पर्सनल खुन्नस नसते हो. तो प्रत्येक शेजाऱ्याकडे बघून एकच गणित मांडतो : याच्यावर जाणं परवडेल का? तुमचं काम एवढंच, की 'परवडेल' हे उत्तर तुमच्या नावापुढे येता कामा नये. ते जमलं, की मग बांधा खुशाल पिरॅमिड!