बहिणीचा वाटा आणि जमिनीचे तुकडे

"बहिणींनी वाटा मागितला की जमिनीचे तुकडे होत्यात ताई. मग कुणाचंच पोट भरत न्हाई."

वारणानगरच्या जवळच्या एका गावात, महिला मंडळाच्या बैठकीत एक बाई मला हे सांगत होती. आई आधीच गेलेली, आता वडीलही गेले. मागे चार एकर ऊस, तीन भाऊ आणि ही एकटी बहीण. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागले होते आणि लगोलग भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले होते. पुढच्या आठवड्यात सहीला जायचे होते. "सही नाही केली तर?" मी विचारले. "मग माहेर तुटलं की! भाऊबीजेला कुठं जाऊ?" बाकीच्या बायका गप्प बसल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी अशी सही कधीच करून टाकली होती.

त्या खोलीच्या भिंतीवर शाहू महाराज, सावित्रीबाई आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. मी बाबासाहेबांकडे बोट दाखवून म्हटले, "तुमच्या या तुकड्यांच्या प्रश्नावर त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे." बाई संकोचून हसली. म्हणाली, "थोरच माणूस तो. पण ते त्यांच्या लोकांचे. आमच्या वाटणीत त्यांचं काय?"

मैत्रिणींनो, त्या बाईला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

समाजकार्याचे शिक्षण घेतानाही माझ्या मनात बाबासाहेब म्हणजे घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे नेते, एवढेच चित्र होते. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे मी पुष्कळ उशिरा वाचले. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए., १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १९२३ साली लंडनची डी.एस्सी. आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. प्राध्यापकी सोडून पुन्हा लंडनला जाण्याआधी, मार्च १९२० मध्ये, ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तिथे जातीने हजर होते. लंडनच्या त्या अभ्यासाच्या काळात मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. त्यांचे हे श्रम कुठल्याही पदवीपत्रावर लिहिलेले नाहीत. आपण बायकांनी तरी ते लक्षात ठेवावेत.

आता तुकड्यांविषयी. १९१८ साली आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हा सरकारी आणि विद्वान मंडळी म्हणत होती, जमीन फार लहान तुकड्यांत वाटली जाते म्हणून शेतकरी गरीब आहे; तेव्हा जमीन एकाच वारसाकडे ठेवा. आंबेडकरांनी हे म्हणणे उलटे तपासले. त्यांचे सांगणे असे, की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्यात भांडवल किती, अवजारे किती, राबणारे हात किती, यावर ते ठरते. जमिनीवर नको इतकी माणसे अवलंबून आहेत, कारण त्यांना दुसरे काम नाही. म्हणून खरा उपाय उद्योगधंदे वाढवण्याचा आहे. वारसांचा हक्क काढून घेतल्याने गरिबी जात नाही, फक्त आणखी काही माणसे भूमिहीन होतात. पुढे १९२७ साली मुंबई विधिमंडळात सरकारने लहान जमिनींविषयीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग सुचवला.

सहकाराच्या या वारणाकाठावर मला हे वाचून गंमत वाटली. इथला साखर कारखाना आणि दूधसंघ उभा राहिला, तो हजारो लहान शेतकरी एकत्र आले म्हणूनच ना? एकरभर ऊसवाल्यालाही सभासद होता येते, तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की तुझा तुकडा लहान, तो शेजाऱ्याला देऊन टाक. मग बहिणीलाच का म्हणतात? हिशेब करून पाहा. चार एकर तीन भावांत वाटले तर प्रत्येकाला एक एकर तेरा गुंठे. बहीण धरली तर एक एकर. म्हणजे सगळी भीती तेरा गुंठ्यांची आहे! तीन तुकडे होतात तेव्हा शेती बुडत नाही आणि चौथा झाला की बुडते, हे कुठले अर्थशास्त्र? शिवाय वाटा असणे म्हणजे बांध घालणेच असे नाही. नाव सातबाऱ्यावर ठेवून, शेती एकत्र कसून, उसाच्या बिलातला हिस्सा बहिणीला देता येतो.

आंबेडकर प्राध्यापकीत रमले असते तर हा विचार कागदावरच राहिला असता. त्यांनी तो विधिमंडळात नेला, तोही बहुधा विरोधकाच्या जागेवरून. १९२८ साली गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला मिळणारी विश्रांती हे देशाचे हित आहे आणि सरकारनेही तिचा भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३८ साली, मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना, कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले.

स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले. आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. हिंदू कोड बिलाच्या प्रवर समितीत तो मुलाच्या बरोबरीचा झाला. मुलग्यांना जन्मतःच मिळणारा वडिलोपार्जित मालकीचा विशेष हक्कही त्या बिलात काढून टाकला होता. केवढा गदारोळ झाला! बिल रखडत राहिले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाजूला पडले. आंबेडकरांनी राजीनामा दिला. त्यामागे कारणे अनेक होती, हे खरे. अर्थशास्त्राचा अभ्यासक असूनही मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीत आपल्याला घेतले नाही, ही तक्रारही त्यांच्या निवेदनात आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी बजावले, की वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करणे म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणे. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले. मग राज्यसभेत विरोधी बाकावर बसले आणि १९५६ साली गेले.

त्याच १९५६ साली वारसा कायदा झाला, पण मुलग्यांचा तो जन्मसिद्ध हक्क त्यात तसाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना त्यात घेतले, मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळून. सगळ्या मुलींना तो हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ज्या हक्कासाठी एका माणसाने मंत्रिपद सोडले, तो यायला अर्धशतक लागले. आणि आपण तो एका सहीने परत करतो!

एक गोष्ट मात्र आपल्यालाच टोचली पाहिजे. हा वाटा ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांच्या कामाचा. जिच्या बापाकडे गुंठाही नव्हता, जी दुसऱ्याच्या उसात भांगलते, तिला यातून काय मिळाले? गिरणीतल्या बाईला मिळालेली बाळंतपणाची पगारी रजा शेतमजूर बाईच्या वाट्याला अजून आलेली नाही. बाबासाहेब 'त्यांचे' म्हणून आपण बाजूला ठेवतो आणि त्यांच्या भांडणाचे फळ मात्र घेतो. हा हिशेबही आपण कधीतरी पुरा केला पाहिजे.

त्या बाईला मी पुन्हा भेटले तेव्हा हे सगळे जमेल तसे सांगितले. तेरा गुंठ्यांचा हिशेब तिने बोटांवर स्वतः करून पाहिला. सही करू नको, असे मी तिला म्हणाले नाही. भावांशी उद्या तिलाच बोलायचे आहे, मला नाही. तिने एवढेच केले, की भावांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले. "बघू तरी," ती म्हणाली, "भाऊबीज माझी हाय का माझ्या सहीची."

मैत्रिणींनो, तुमच्यापुढे असा कागद आला तर निदान तेवढे दिवस मागून घ्या. आणि तोवर तुमच्या मंडळात हा हिशेब एकदा मोठ्याने करा.