एका खोलीत घडी कोणी घालून घ्यायची?

मागच्या महिन्यात एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत घरसजावटीवरचा लेख वाचला. एकच खोली दिवाणखाना, झोपायची खोली आणि ऑफिस म्हणून कशी वापरावी, याचे सचित्र मार्गदर्शन त्यात होते. भिंतीत बंद होणारा पलंग, ओढून काढायचे टेबल, चाके लावलेले कपाट. लेखकाला ही नव्या काळाची जीवनशैली वाटते. मला हसू आले. २०११ च्या जनगणनेनुसार या देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. म्हणजे 'मल्टिपर्पज रूम' आपल्या वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फक्त तिचे फोटो कोणी छापले नाहीत.

आमचे घर दहा बाय बाराचे, राहणारी माणसे सहा. पहाटे वळकट्या गुंडाळून लोखंडी पेटीवर ठेवायच्या की झाले स्वयंपाकघर. मोरीला पडदा ओढला की न्हाणीघर. दुपारी त्याच जागेत आईचे शिवणयंत्र, संध्याकाळी टीव्ही, कोणी आले तर तीच पेटी पुसून पाहुण्याला बसायला. चौदा एप्रिलला गावाकडून माणसे आली की बाबा आणि काका बाहेर रस्त्याच्या कडेला झोपत. यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. पण गंमत म्हणून सांगण्यासारखेही ते सगळे नव्हते.

कारण त्या खोलीत एक जागा ठरलेली होती, पोटमाळा. मी दहावीला गेलो तेव्हा तो मला मिळाला. माझी बहीण माझ्याहून एका वर्षाने लहान. तिच्या दहावीला पोटमाळा रिकामा झाला नाही, कारण मी अकरावीला होतो. तिने भांडी घासायची, सगळ्यांची जेवणे होईपर्यंत थांबायचे, बाबांच्या बातम्या संपल्या की अंथरुणे टाकायची आणि मग मोरीच्या कोपऱ्यात बसून वाचायचे. दहा मिनिटांत कोणीतरी म्हणे, "दिवा बंद कर गं, सकाळी कामावर जायचंय." बारावीला ती नापास झाली, पुन्हा बसली नाही. घरात सगळे म्हणाले, तिचे अभ्यासात लक्षच नव्हते. मीही म्हणालो. पुढे मी समाजशास्त्रात एम.ए. केले आणि ते वाक्य किती खोटे होते, हे मला तिथे कळले. उशिरा कळले.

माझा मुद्दा हा आहे. खोलीच्या भिंती कधी लवचिक नसतात. लवचिक होते ते माणूस. एकाच जागेत चार कामे करायची तर प्रत्येक वेळी कोणालातरी उठावे लागते, थांबावे लागते, आपले काम आवरून बाजूला सरकावे लागते. हे सरकणे घरात समान वाटले जात नाही. सगळ्यात जास्त घडी सून आणि मुलगी घालून घेते, सगळ्यात कमी कमावता पुरुष.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक कामाला वेगळी खोली हाच आदर्श का? तेही तपासून पाहू. जुन्या वाड्यात प्रत्येक कामाला खोली होती. ओसरी पुरुषांची आणि आल्यागेल्याची, माजघर बायकांचे, त्याच्या आत सोवळ्याचे स्वयंपाकघर आणि देवघर. आपल्या पूर्वजांची पायरी अंगणातच संपत होती. विटाळाच्या बाईला घरातल्या घरात वेगळा कोपरा होता. ही विभागणी सोयीची कमी आणि शुद्धाशुद्धतेची जास्त होती. महारवाड्यातल्या एका खोलीत सोवळे पाळायला जागाच नव्हती. त्या अर्थाने आपली मिसळलेली खोली मला वाड्यापेक्षा माणुसकीची वाटते. पण ब्राह्मण्याची विभागणी नाकारली म्हणून पुरुषसत्तेची विभागणी आपोआप गेली, असे होत नाही.

आता बाबासाहेबांच्या घराकडे पाहू. सुभेदार रामजी कुटुंबासह मुंबईत आले, तेव्हा परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार होता. तिथेच स्वयंपाक, तिथेच सामान, तिथेच माणसे. चरित्रकारांनी नोंदवले आहे की रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपायला सांगत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्या जागेवर स्वतः पडत. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात बापाच्या त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्यातले तंत्र आपण पाहत नाही. खोली वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळेची भिंत घातली. आणि त्या भिंतीची किंमत घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या झोपेतून दिली, लेकरावर टाकली नाही. १९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले. आपल्यापैकी किती बाप आपल्या लेकीसाठी टीव्ही बंद करतात?

सरकारच्या जबाबदारीवर पांघरूण घालायचा माझा हेतू नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात घर आधी २२५ चौरस फुटांचे, मग २६९, आता ३०० चे. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, तेही स्वयंपाकाची जागा धरून. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची, पण बाहेर मोठी सामाईक जागा होती. तांदूळ निवडणे, म्हाताऱ्यांचे पेपर वाचणे, पोरांचे झोपणे, परीक्षेच्या दिवसांत रात्रभर अभ्यास हे सगळे खोलीबाहेर व्हायचे. खरी बहुउपयोगी जागा तीच होती. पुनर्वसनाच्या बऱ्याच इमारतींत तिच्या जागी मजल्यावर अंधारा, चिंचोळा पॅसेज आला. कागदावर घर वाढले, वापरायची जागा मात्र कमी झाली. बिल्डरशी बोलणी करताना आपले कार्यकर्ते चौरस फुटांवर भांडतात, गॅलरीवर, उजेडावर, मजल्यावरच्या मोकळ्या जागेवर कोणी भांडत नाही. त्या बैठकांना बायका बोलावल्या जात नाहीत, हेही एक कारण असावे.

आणि विहारे. अनेक ठिकाणी विहारात उत्तम अभ्यासिका चालतात, त्यांना सलाम. पण माझ्या कामाच्या भागात तीन विहारांना रविवारची वंदना सोडली तर कुलूप असते. चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष कामावर. फरशी, पंखे, दिवे सगळे आहे, बाजूच्या गल्लीत मुली मोरीशी बसून वाचत आहेत. उघडले तरी रात्री तिथे मुलेच जातात. संध्याकाळी सहा ते नऊ विहार मुलींसाठी राखायला काय खर्च येतो? चावी सांभाळणारी एक बाई लागेल, एवढेच.

घरात काय करायचे तेही काही अवघड नाही. बिजागरीवर भिंतीला एक फळी, वर एक दिवा. त्याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोजचे दोन तास, जे पाहुणा आला तरी हलणार नाहीत. "पाहुण्याला काय वाटेल?" हा प्रश्न मला वस्तीत नेहमी विचारतात. मुलाची परीक्षा असली की हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझी बहीण आता पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. तिची मुलगी यंदा दहावीला आहे. मागच्या आठवड्यात न कळवता साडेसातला गेलो. भाचीने दार अर्धेच उघडले आणि म्हणाली, "मामा, सात ते नऊ माझे आहेत. आई-पप्पा खाली बसलेत." खाली आलो तर दोघे पार्किंगच्या कट्ट्यावर, बहीण मेथी निवडत होती. मला बघून सरकून जागा केली. नऊ वाजेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.